पाश्चर यांची वही आणि विस्मृतीत गेलेला पशुवैद्य

१/ २ जून १८८१. पॅरिसच्या आग्नेयेस, मलँ शहराजवळील पुयी-ल-फोर या खेड्यात शेतकरी, पशुवैद्य, अधिकारी आणि पत्रकार यांची गर्दी लोटली होती. लुई पाश्चर यांची लस खरी की खोटी, याचा निकाल त्या दिवशी लागणार होता.

२/ प्रश्न काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा होता. आपल्याकडे याच रोगाला फाशी असेही म्हणतात. धडधाकट जनावर काही तासांत कोसळते आणि जिवाणूचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. फ्रान्समधील काही कुरणे त्यामुळे शापित मानली जात. १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी या जिवाणूचे जीवनचक्र उलगडले. कारण कळले, पण उपाय हाती नव्हता.

३/ स्थानिक पशुवैद्य रोसिन्योल यांनी जाहीर प्रयोगाचा प्रस्ताव मांडला आणि पाश्चर यांनी तो स्वीकारला. २४ मेंढ्या, १ शेळी आणि ६ गाई-बैलांना ५ व १७ मे रोजी लस टोचण्यात आली. आणखी २४ मेंढ्या, १ शेळी आणि ४ गाई-बैल लसीविना ठेवले गेले. ३१ मे रोजी सर्वांना जहाल जिवाणू टोचले.

४/ २ जूनच्या दुपारपर्यंत लसीविना ठेवलेली शेळी आणि बहुतेक मेंढ्या मरून पडल्या होत्या. उरलेल्या त्याच दिवशी दगावल्या. लस न दिलेले गाई-बैल वाचले, पण त्यांना ताप व मोठी सूज आली. लस दिलेले सर्व पशू उभे होते. पुढे त्यांतील एक गाभण मेंढी मेली. गर्भ पोटातच मेल्याचे कारण देण्यात आले.

५/ पाश्चर यांची कीर्ती जगभर पसरली. पुढील बारा वर्षांत फ्रान्समध्ये ३० लाखांहून अधिक मेंढ्या आणि ४ लाखांहून अधिक गाई-बैलांचे लसीकरण झाले.

६/ पण त्या दिवशीची लस कोणती होती? हवेतील प्राणवायूच्या सान्निध्यात, ४२-४३ अंश तापमानात जिवाणू वाढवून ते दुबळे करण्याची स्वतःची पद्धत पाश्चर यांनी आधीच जाहीर केली होती. तीच वापरली, असा सर्वांचा समज झाला. प्रत्यक्षात टोचली गेली ती त्यांचे सहकारी शांबरलाँ यांची, पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने तयार केलेली लस.

७/ ही गोष्ट दडवण्यामागे कारण होते. तुलूझचे पशुवैद्यक प्राध्यापक आँरी तुसाँ यांनी १८८० मध्येच बाधित रक्त ५५ अंशांपर्यंत तापवून, तसेच कार्बॉलिक आम्ल वापरून काळपुळीची लस केली होती. रसायनाचा वापर उघड झाला असता, तर श्रेयाचा मोठा वाटा तुसाँ यांच्याकडे गेला असता. ते १८९० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर वारले.

८/ आपल्या वह्या कोणाला दाखवू नयेत, असे पाश्चर यांनी कुटुंबीयांना बजावले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या अभ्यासकांना खुल्या झाल्या आणि १९९५ मध्ये जेराल्ड गायसन यांच्या ग्रंथाने हे प्रकरण जगापुढे सविस्तर मांडले.

९/ पाश्चर यांच्या लसीची ताकद एकसारखी राहत नसे. कधी ती निष्प्रभ ठरे, तर कधी जनावरालाच मारी. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील ऑन्डरस्टेपोर्ट येथे मॅक्स स्टर्न यांनी कवच नसलेला, म्हणून निरुपद्रवी असा वाण शोधला. भारतासह अनेक देशांत गुरांना आज टोचली जाते ती याच वाणाची लस. पुयी-ल-फोरचा प्रयोग मात्र पाश्चर यांच्याच नावाने ओळखला जातो. तुसाँ यांचे नाव अभ्यासकांपुरतेच उरले आहे.