घाटातील इनाम आणि डोंगरातील चूल

चैत्र लागला की उत्तर पुणे जिल्ह्यात यात्रांचा हंगाम सुरू होतो. आंबेगाव तालुक्यातील मंचरजवळचे अवसरी खुर्द हे त्याच पट्ट्यातील गाव. २००९ मध्ये येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले आणि गावाचे नाव शहरातील घरांपर्यंत पोहोचले. परंतु या परिसराची जुनी ओळख यात्रेची आणि बैलगाड्यांची आहे. मांडव-डहाळे, हारतुरे, शेरणी, पालखी, महाप्रसाद, कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा आणि दिवसभर शर्यती असा येथील यात्रांचा साधारण क्रम असतो. पुण्या-मुंबईत स्थिरावलेले गावकरी, व्यावसायिक आणि छोटे कारखानदार यांच्याकडे या दिवसांत दोन गोष्टींसाठी विचारणा होते. एक शर्यतीच्या इनामासाठी, दुसरी अन्नदानासाठी. दोन्हींची सांगड घालून ‘शर्यतही होईल आणि भुकेल्याला अन्नही मिळेल’ असा विचार अनेक देणगीदारांच्या मनात येतो. तो विचार चांगला आहे. मात्र तो प्रत्यक्षात उतरवण्यासाठी शर्यत कशी चालते, पैसा कोणत्या वाटेने जातो आणि तालुक्यातील भूक नेमकी कोठे व कोणत्या महिन्यांत असते, हे तिन्ही ठाऊक असावे लागते.

घोडीमागे धावणारा गाडा

बाहेरच्या वाचकाला ‘बैलगाडा शर्यत’ म्हटले की गाडीत उभा राहून बैल हाकणारा गाडीवान आठवतो. सातारा-सांगलीकडील मैदानांत किंवा विदर्भातील शंकरपटात तसे दृश्य दिसतेही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि मावळ या भागांतील प्रकार वेगळा आहे. येथे धाव चढावर असते आणि त्या धावपट्टीलाच ‘घाट’ म्हणतात. गाड्याला बैलांच्या दोन जोड्या जुंपतात. पुढची जुकाटाची आणि मागची धुरेची. धावताना गाड्यात कोणीही नसते. बैलांच्या पुढे भरधाव घोडी पळते आणि तिच्या ओढीने बैल घाट चढतात. एका गाड्याच्या धावेला ‘बारी’ म्हणतात. बारीचा निकाल सेकंदांवर ठरतो, आणि निवेदकाची ‘भिर्रर्र’ ही आरोळी घाटाखालच्या वस्त्यांपर्यंत ऐकू जाते.

म्हणूनच या भागातील शर्यत ही जितकी बैलांची, तितकीच घोडीची आणि तिच्यावरील स्वाराची असते. मागून चार बैल आणि रिकामा गाडा सुसाट येत असताना घोडी सरळ रेषेत ठेवणे हे कसबाचे आणि जोखमीचे काम आहे. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी बंदी उठल्यावर आपण बारीपुढे घोडी धरू, असा शब्द मतदारांना दिला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातील निमगाव येथे ते खरोखरच घोडीवर बसले, तेव्हा त्याची चर्चा राज्यभर झाली.

इनामांचे स्वरूपही बदलत गेले आहे. पूर्वी मानाचा फेटा, ढाल, भांडी आणि काही रोख रक्कम असे. पुढे दुचाकी आल्या, मग चारचाकी. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे झालेल्या शर्यतीत पहिल्या क्रमांकासाठी जेसीबी यंत्र ठेवण्यात आले होते. एवढ्या मोलाचे इनाम केवळ लोकवर्गणीतून उभे राहणे अवघड. तेथे प्रायोजक लागतो. प्रायोजकाला फलक, निवेदकाच्या तोंडी नाव आणि व्यासपीठावर खुर्ची मिळते. हा व्यवहार उघड आहे आणि त्यात गैर काही नाही. त्याला ‘दान’ म्हणावे काय, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

बंदी आणि परवानगी

केंद्र सरकारच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली. लगेच १ जानेवारी २०२२ रोजी आंबेगाव तालुक्यातीलच लांडेवाडी येथे शर्यती ठरल्या, पण करोनाच्या निर्बंधांमुळे त्या ऐनवेळी रद्द कराव्या लागल्या. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

मुभा मिळाली ती अटींसह. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, हजार मीटरपेक्षा लांब धाव नाही, चाबूक किंवा विजेचा झटका नाही, चित्रीकरण बंधनकारक. उल्लंघन करून बैलाला इजा झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. प्राणिमित्र संघटनांचा आक्षेप आजही कायम आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जनावराच्या अंगावर वळ उठवून मिळवलेल्या पैशातून माणसाला जेवू घालणे हा पुण्याचा हिशेब जुळत नाही. प्रायोजकाने पैसे देण्यापूर्वी परवानगीची प्रत मागून घ्यावी. आयोजकांना त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

महाप्रसादाची पंगत आणि खरी भूक

यात्रेच्या दिवशी गावात कोणी उपाशी राहत नाही. भात, आमटी, लापशी यांची पंगत बसते; पाहुणे, बैलगाडा मालक, वाजंत्री, मजूर सगळे जेवतात. या पंगतीचे सामाजिक मोल मोठे आहे, परंतु तिच्यात बसणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी त्या रात्री चूल पेटणारच असते.

आंबेगाव तालुक्याचे दोन भाग आहेत आणि त्यांची तोंडे जणू वेगवेगळ्या दिशांना आहेत. पूर्वेला ऊस, कांदा, बटाटा, मंचरची बाजारपेठ, पारगावचा भीमाशंकर सहकारी साखर कारखाना. पश्चिमेला सह्याद्रीची धार, भीमाशंकरचे जंगल, आहुपे आणि तळेघर परिसरातील महादेव कोळी व कातकरी वस्त्या. तेथे पाऊस मुबलक, पण शेत उतारावरचे आणि बहुतेक ठिकाणी पीक एकच, भाताचे. जोडीला नाचणी, वरई आणि जंगलातील हिरडा. घोड नदीवरील डिंभे धरणाने, म्हणजेच हुतात्मा बाबू गेनू सागराने, पूर्वेकडील शेते ओलिताखाली आणली. त्याच जलाशयाखाली पश्चिमेकडील आदिवासींच्या जमिनी गेल्या. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगावही पाण्यात बुडाले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. विस्थापितांबरोबर ‘शाश्वत’ संस्थेने कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या पुढाकाराने दीर्घकाळ काम केले. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पिके घेणे, उतारावर भातखाचरे बांधणे, जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवणे हे त्या कामाचे मुख्य धागे होते. पूर्वेकडील घाटात उधळल्या जाणाऱ्या भंडाऱ्यामागे डिंभ्याच्या पाण्यावर आलेले पीकही आहे, हे प्रायोजकाने जाता जाता ध्यानात ठेवायला हरकत नाही.

या पश्चिम भागात टंचाईचे दिवस आषाढापासून आश्विनापर्यंतचे. घरातील जुने भात संपलेले असते, नवे अजून शेतात असते, लावणी उरकल्यावर मजुरीही थांबते. याच काळासाठी राज्याने १९७८ पासून खावटी कर्जाची योजना राबवली. करोनाकाळात २०२० मध्ये ती प्रतिकुटुंब चार हजार रुपयांच्या अनुदानाच्या रूपात आली, निम्मी रक्कम रोख आणि निम्म्या रकमेच्या वस्तू. म्हणजे यात्रा चैत्र-वैशाखात पूर्वेला, आणि भूक श्रावण-भाद्रपदात पश्चिमेला. तालुका एकच, परंतु पंगतीचे ताट आणि रिकामी कणगी यांच्यामध्ये तीन-चार महिन्यांचे आणि एका धरणाचे अंतर आहे. शर्यतीच्या दिवशी शिजवलेले अन्न हे अंतर ओलांडू शकत नाही. साठवलेले धान्य ओलांडू शकते.

आणखी एक बदल लक्षात घ्यायला हवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यामुळे आजची भूक नेहमीच तांदळाची नसते. ती डाळीची, तेलाची, शेंगदाण्याची, अंड्याची असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार आणि बालकांना अंडी वा केळी देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. ती अंगणवाड्यांमार्फत चालते. देणगीदाराने तांदळाच्या गोण्यांची छायाचित्रे काढण्यापूर्वी अंगणवाडी सेविकेला काय कमी पडते, हे विचारलेले बरे.

पावती कोणाच्या नावाची?

यात्रा समित्यांचे हिशेब बहुधा गावापुढे मांडले जातात. गावच्या चावडीवर लपवाछपवी फार काळ टिकत नाही. परंतु गावाचा विश्वास आणि कायद्याची पूर्तता या दोन गोष्टी भिन्न आहेत. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाने धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील ४१ क या कलमानुसार धर्मादाय कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी लागते. ‘भूकमुक्तीसाठी शर्यत’ अशी पावतीपुस्तके छापण्यापूर्वी एवढी पायरी चढावीच लागेल.

प्राप्तिकरातील ‘८० जी’ या नावाने परिचित असलेली सवलत पात्र संस्थेला दिलेल्या पैशालाच मिळते. धान्याच्या गोणीला ती मिळत नाही आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीलाही नाही. नवीन करप्रणाली स्वीकारलेल्या पगारदाराला ती मुळातच उपलब्ध नाही. फलकाच्या बदल्यात दिलेली रक्कम जाहिरातीच्या खर्चात जाते. तिला देणगी म्हणता येत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करावी लागते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांचे निर्मूलन पहिल्याच क्रमांकावर आहे. हे वाचून अनेकजण शर्यतीचा खर्च त्यात बसवू पाहतात. तो बसत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व यांसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांचा खर्च ग्राह्य नाही, असे केंद्राने २०१४ मध्येच स्पष्ट केले होते. विपणनाच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व दायित्वात धरू नये, ही तरतूद २०२१ पासून नियमांतच आहे. पश्चिम आंबेगावातील पोषणाचा वर्षभराचा कार्यक्रम मात्र निश्चितपणे बसतो. तेव्हा इनामाचा धनादेश जाहिरात खात्यातून आणि धान्याचा धनादेश दायित्वाच्या खात्यातून, असे दोन वेगळे व्यवहार ठेवणे उत्तम.

महाप्रसादालाही नियम आहेत. धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. तिचे शुल्क वर्षाला अवघे शंभर रुपये आहे. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या अन्नातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी छापाव्या लागतात, म्हणून हा उल्लेख.

इतरत्र काय घडते

घोड्यांच्या स्पर्धांतून धर्मादाय निधी उभारण्याची रीत परदेशात जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १८९६ पासून भरणारा डेव्हन अश्वमेळा १९१९ पासून ब्रिन मॉर येथील रुग्णालयासाठी निधी देतो. इंग्लंडमधील यॉर्कच्या मैदानावर १९७१ पासून कर्करुग्णांच्या मदतीसाठी दरवर्षी एक दिवस राखलेला असतो. दोन्हींत लक्षणीय गोष्ट एकच. लाभार्थी आधी ठरलेला आणि वर्षानुवर्षे तोच. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा पैसा कोणाकडे जाणार हे त्याला ठाऊक असते.

आपल्याकडे धान्य ठेवण्याची रीतही नवी नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात कुटुंबाने बँकेतून धान्य उचलायचे आणि सुगीनंतर थोड्या वाढीसह परत करायचे, म्हणजे सावकाराच्या दारी जावे लागत नाही. केंद्र सरकारनेही १९९६-९७ मध्ये ग्राम धान्य बँकांची योजना आणली होती. अशा बँकेला सुरुवातीचा साठा लागतो, आणि यात्रेतील एका मोठ्या इनामाच्या किमतीत तो काही पाड्यांना सहज पुरेल. साठा एकदाच द्यावा लागतो. व्यवहार नीट चालला तर पुढील वर्षी तोच पुन्हा कणगीत येतो.

देणगीदाराने वेळ सांभाळायला हवी. यात्रा आटोपल्यावर मृग नक्षत्रापर्यंत जेमतेम महिना-दोन महिने उरतात. डाळ, तेल, शेंगदाणे पावसापूर्वी पाड्यांवर पोहोचवून कोरड्या जागी ठेवावे लागतात, कारण एकदा पाऊस लागला की डोंगरातील रस्त्यांचा भरवसा राहत नाही. घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. कोणत्या पाड्यांवर गरज अधिक आहे, याची विचारणा तेथे शर्यतीची तारीख ठरवण्यापूर्वीच करता येते.