मृग आणि ओरायन : नामसाम्य हा पुरावा कितपत?

आकाशातील ज्या तारकापुंजाला आपण मृग म्हणतो, त्यालाच ग्रीक लोक ओरायन म्हणत. या दोन नावांभोवती महाराष्ट्रातील विद्वत्तेचा एक महत्त्वाचा अध्याय गुंफलेला आहे. लोकमान्य टिळकांनी १८९२ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी वेदकालासंबंधी एक निबंध सिद्ध केला व तोच विस्तारून १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ‘ओरायन’ हे ग्रीक नाव संस्कृत ‘आग्रयण’ या शब्दाचेच रूपांतर असावे, असे त्यांनी सुचविले. आमच्याकडील पदव्युत्तर लेखनात हे समीकरण अद्यापही सिद्ध गोष्ट म्हणून उद्धृत होताना आढळते. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत ते तसेच, निःशंक मनाने, लिहिले होते. सिद्धान्ताविषयीचा आदर आणि सिद्धान्ताची परीक्षा या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. म्हणून या समीकरणाचा फेरविचार येथे करावयाचा आहे.

प्रथम कथा पाहू. ऐतरेय ब्राह्मणाच्या तिसऱ्या पंचिकेत प्रजापतीची गोष्ट आली आहे. प्रजापतीने आपल्या कन्येचा अभिलाष धरला. ती रोहित म्हणजे हरिणी झाली, तेव्हा तो ऋश्याचे रूप घेऊन तिच्यामागे गेला. हे अकृत्य पाहून देवांनी आपापल्या घोर अंशांतून एक उग्र देव निर्माण केला आणि त्याने प्रजापतीला बाणाने विद्ध केले. विद्ध झालेला तो वर गेला, त्यालाच मृग म्हणतात. वेध करणारा तो मृगव्याध. जी रोहित होती ती रोहिणी. आणि तीन कांडांचा जो बाण, तो आकाशातही त्रिकांड बाणच राहिला. हे वर्णन केवळ कल्पनाविलास नव्हे. रोहिणी पुढे, मृग तिच्या मागे, त्याच्या देहात ओळीने तीन तारे रुतलेले, आणि त्यांच्याच रेषेत खाली तेजस्वी व्याध, हा क्रम मार्गशीर्षातील कोणत्याही निरभ्र रात्री कोणालाही पडताळून पाहता येतो. कथेने आकाशाची जणू आकृतीच काढून दिली आहे.

ग्रीक कथेतील भूमिका मात्र उलट आहेत. तेथे ओरायन हा स्वतः महाकाय शिकारी आहे. होमरच्या ‘ओडिसी’त तो मृत्यूनंतरही परलोकात श्वापदांचा पाठलाग करीत असतो, आणि ‘इलियड’मध्ये व्याधाच्या ताऱ्याला त्याचा कुत्रा म्हटले आहे. त्या तीन ताऱ्यांत भारतीयांना बाण दिसला, ग्रीकांना कमरेचा पट्टा. मृगयेचा प्रसंग दोहोंकडे आहे, पण एकाकडे हा पुंज भक्ष्य आहे व दुसरीकडे भक्षक. एकाच मूळ कथेची ही दोन रूपे असतील तर भूमिकांची अशी अदलाबदल का झाली, हे सांगण्याची जबाबदारी तसे मानणाऱ्यावर येते.

आता ‘मृग’ या शब्दाकडे वळू. आज मृग म्हणताच हरिण डोळ्यांपुढे येते. परंतु ऋग्वेदात या शब्दाचा अर्थ रानातले कोणतेही जनावर असा आहे. तेथे सिंहासारखा भयंकर पशू मृग आहे आणि हत्तीही मृग आहे. मृगेंद्र, मृगया, शाखामृग या शब्दांत हा जुना अर्थ अजून टिकून आहे. अवेस्तेत याच शब्दाचे भावंड पक्षी या अर्थी आले, आणि फारसीतील ‘मुर्ग’ त्याचाच वंशज होय. तेव्हा नक्षत्राचे नाव जुने असले, तरी त्या नावाने मूळ कोणता प्राणी सूचित केला होता हे केवळ आजच्या अर्थावरून ठरविता येत नाही. नाव स्थिर राहते आणि अर्थ सरकतो. नक्षत्रनामांच्या अभ्यासकाने हे पहिले सूत्र ध्यानी धरावे.

टिळकांच्या युक्तिवादाचा गाभा ‘आग्रहायणी’ या शब्दात आहे. अमरकोशाने हा शब्द मृगशीर्ष नक्षत्राचा पर्याय म्हणून दिला आहे. अग्र म्हणजे आरंभ आणि हायन म्हणजे वर्ष; अर्थात् ज्या नक्षत्री सूर्य असता वर्षारंभ होई ते हे नक्षत्र, असा टिळकांचा निष्कर्ष. वसंतसंपात मृगात असण्याचा काळ त्यांनी सुमारे इ. स. पूर्व ४००० ते २५०० असा धरला. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो व एक नक्षत्र ओलांडण्यास त्याला साडेनऊशेहून अधिक वर्षे लागतात, या गणिताविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो गणितात घातलेल्या पदाचा.

पाणिनीने (४.२.२२) ‘आग्रहायणी’ हा शब्द ज्या प्रकरणात घेतला आहे, तेथे पौर्णिमेवरून मासाचे नाव कसे साधते हे सांगितले आहे. म्हणजे पाणिनीपुढे हा शब्द प्रथम पौर्णिमेचे नाव म्हणून आहे. पौर्णिमेचे नाव त्या पौर्णिमेच्या नक्षत्राला लागले, असे मानणे यामुळे स्वाभाविक ठरते. आणि पौर्णिमेला चंद्र मृगात असतो तेव्हा सूर्य त्याच्या समोर, आकाशाच्या दुसऱ्या टोकाला असतो. कोणे एके काळी मार्गशीर्षापासून वर्ष मोजले जात होते, एवढेच या नावावरून निघते. भगवद्गीतेत मासांमध्ये मार्गशीर्षाला दिलेला मान याच्याशी जुळतो. संपात मृगात होता, हे मात्र त्यातून आपोआप निघत नाही. टिळकांना या आक्षेपाची कल्पना होती व त्यांनी त्याचा परामर्शही घेतला आहे. त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला पोहोचलेले जर्मन पंडित याकोबी आणि टिळक, या दोघांच्याही कालनिर्णयावर अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी यांनी कठोर टीका केली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

‘ओरायन’ची व्युत्पत्ती तर ध्वनिशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. ग्रीकमध्ये दोन स्वरांमधील स, य, व हे वर्ण लोप पावतात, पण गकार लोपत नाही. संस्कृत ‘अज्र’ म्हणजे शेत. त्याचे ग्रीक रूप ‘आग्रोस’. त्यात ‘ग्र’ हा संयोग जसाच्या तसा टिकला आहे. ‘आग्रयण’चा सगोत्र शब्द ग्रीकमध्ये असता, तर त्यातही तो टिकावयास हवा होता. ‘हायन’मधील हकाराच्या जागी तर ग्रीकमध्ये महाप्राण ‘ख’ येतो. हिवाळ्याला ग्रीकमध्ये ‘खेइमोन’ म्हणतात, तो याच कुळातला. शिवाय पिंडारसारख्या प्राचीन कवीच्या भाषेत या नावाचे ‘ओआरिओन’ हे अधिक जुने रूप आढळते. त्यात आरंभी एक स्वर अधिक आहे व गकाराचा मागमूस नाही. जुने रूप मूळ शब्दाच्या अधिक जवळ जावे, ते येथे अधिक दूर जाते.

मग नक्षत्रनामांतून प्राचीन आप्तसंबंध सिद्धच होत नाहीत काय? होतात, आणि त्याचे उदाहरण उत्तर आकाशात आहे. शतपथ ब्राह्मण सांगते की, सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत. ऋक्ष म्हणजे अस्वल. ग्रीकांनी त्याच पुंजाला ‘आर्क्तोस’ म्हणजे अस्वल म्हटले. संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस आणि हित्ती ‘हर्तग्ग’ या शब्दांतील वर्णांचा मेळ नियमाने बसतो. तोच मेळ इतर अनेक शब्दांतही दिसतो. येथे पुंज एक, अर्थ एक आणि धातुरूपही एक. ‘ऋक्ष’ जाऊन ‘ऋषी’ आले ते भारतातच, बहुधा उच्चारसाम्यामुळे. मृग–ओरायनच्या बाबतीत पुंज एक आहे. अर्थ विरुद्ध आहे आणि रूप जुळत नाही. दोन उदाहरणांतील हे अंतर म्हणजेच पुरावा आणि नामसाम्य यांतील अंतर होय.

याचा अर्थ ‘ओरायन’ हा ग्रंथ निरुपयोगी ठरला असा मात्र कोणी घेऊ नये. ब्राह्मणग्रंथांतील कथा आकाशाकडे पाहून वाचाव्यात, ही दृष्टी त्याने दृढ केली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’बरोबर हा ग्रंथ ठेवला, म्हणजे त्या दशकात पुण्यात या विषयाचा केवढा गंभीर विचार चालू होता याची कल्पना येते. व्युत्पत्ती गळून पडली तरी प्रश्न उरला, आणि चांगल्या ग्रंथाचे ऋण बहुधा असेच असते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला मृग परिचित आहे तो पावसाचा म्हणून. जूनच्या ७ किंवा ८ तारखेस सूर्य मृगात जातो, मृगाचा तांबडा किडा शेतात दिसू लागतो. त्या दिवसांत हे नक्षत्र सूर्यतेजात लोपलेले असते. ते रात्रभर दिसते मार्गशीर्षात. एकाच नावाने आम्ही सूर्याचा मृगही मोजतो आणि चंद्राचाही. दोन्ही मोजण्या आजच्या मराठीत शेजारी शेजारी नांदत आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या एखाद्या शब्दात त्यांतली कोणती अभिप्रेत होती, हे ठरविताना घाई का करू नये, याचे याहून जवळचे उदाहरण दुसरे नाही.