१ जुलै १८६५

शेअर या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ भाग. जो भाग घेतो तो भागीदार होतो. आणि धंदा कोणता, चालविणारे कोण व नफा येणार कोठून, एवढें तरी भागीदारानें विचारावें, ही व्यवहाराची पहिली पायरी होय. ती सोडून एक सबंध शहर वर चढूं लागलें म्हणजे काय होतें, तें मुंबईनें १८६४-६५ सालीं पाहिलें.

अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव कडाडले व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. येथवरची कमाई खरी होती. माल गेला होता, त्याचें मोल आलें होतें.

पुढें मात्र या पैशाला वाट सांपडेना. नव्या बँका, पेढ्या व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचें पेव फुटलें. बॅक बे कंपनीचा पांच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. तिची जमीन अद्याप पाण्याखालीं होती! प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हालत असे. आणि सरकारचा भाग असलेली बँक ऑफ बॉम्बेहि शेअर्सच्या तारणावर सढळ हातानें कर्जें देत होती.

खरा घात केला तो मुदतीच्या सौद्यांनीं. अमुक भावानें अमुक तारखेस शेअर घेईन, असा बोल दिला कीं झालें. आज पदरचा पैसा लागत नसे. मुदत भरली कीं केवळ भावांतील फरक द्यावयाचा किंवा घ्यावयाचा. गोविंदाचें येणें गोपाळाकडे, गोपाळाचें माधवाकडे, अशी सांखळी जुळली. प्रत्येकाच्या वहींत नफा दिसे, पण तो दुसऱ्याच्या खिशांत असे. आणि त्या खिशांतहि तो नसे.

९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति लीनें शरणागति पत्करली. ती वार्ता मुंबईस येतांच कापूस उतरला, त्यामागोमाग शेअर्स कोसळले. असंख्य सौद्यांची मुदत १ जुलै होती. त्या दिवशीं सांखळीची एकेक कडी निखळली आणि नामांकित पेढ्यांचीं दिवाळीं वाजलीं. बँक ऑफ बॉम्बेहि वांचली नाहीं. १८६८ सालीं ती गुंडाळावी लागली. प्रेमचंदांचें वैभव गेलें. त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा, त्यांनींच दिलेल्या देणगींतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला, तो अजून उभा आहे.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. वायदेव्यवहार करणाऱ्या व्यक्तींचा हिशेब सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केला. मागील तीन आर्थिक वर्षांत त्यांपैकीं शेंकडा ९३ जणांना तोटाच झाला होता. आज नियम आहेत, तारण आगाऊ भरावें लागतें. म्हणून सबंध शहर एका दिवसांत बुडत नाहीं, एकेक घर बुडतें.

शेअर घेणें हा जुगार नव्हे. परंतु धंद्याची चौकशी न करतां, उसन्या पैशावर, केवळ उद्यांच्या भावावर नजर ठेवून जो तो घेतो, त्यानें भाग विकत घेतला नसून फांसा टाकला आहे. घरांतील मंडळींना त्याचा फरक समजावून सांगतां येईल तरच सौदा करावा.