इंग्रजी वाङ्मय विद्यापीठांत कसें आलें ?

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. या काळांत विद्यार्थ्यांत व त्यांच्या पालकांतहि एक समज आम्हांस सारखाच आढळला. तो असा कीं, ऑक्सफर्ड-केंब्रिजला इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास शतकानुशतकें चालत आला असून तोच तयार अभ्यासक्रम इंग्रजांनीं गलबतांत घालून इकडे आणला. इतिहास मात्र याच्या बरोबर उलट सांगतो. आणि त्यांत मराठी वाचकानें विचार करावा असें बरेंच कांहीं आहे.

मेकॉलेनें आपलें प्रसिद्ध टिपण १८३५ सालीं लिहिलें. पुढें १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं आणि १८६२ मध्यें मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे व भांडारकर हे त्यांतलेच. शेक्सपियर-मिल्टन वाचल्यावांचून पदवी नाहीं, हें आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या अंगवळणीं पडलें, त्या काळीं ऑक्सफर्डचा तरुण ग्रीक व लॅटिन ग्रंथांवर पदवी मिळवीत असे आणि केंब्रिजचा तरुण गणितावर किंवा त्याच अभिजात भाषांवर. लंडनच्या नव्या कॉलेजांत इंग्रजीचे प्राध्यापक १८२८ पासून होते. परंतु त्या दोन जुन्या विद्यापीठांच्या दृष्टीनें शेक्सपियर हा जेवणानंतर शेगडीपाशीं बसून वाचावयाचा ग्रंथकार होता. त्यासाठीं गुरु कशाला आणि परीक्षा तरी कसली ?

ऑक्सफर्डनें १८८५ मध्यें इंग्रजी भाषा व वाङ्मय यांसाठीं एक पीठ निर्माण केलें. तेंहि गेलें नेपियर या भाषाशास्त्रज्ञाकडे. १८८७ मध्यें स्वतंत्र विभागाचा प्रश्न निघाला, तेव्हां इतिहासाचे प्राध्यापक फ्रीमन यांनीं कसून विरोध केला. अभिरुचीची परीक्षा घेतां येत नाहीं आणि ज्याची परीक्षा घेतां येत नाहीं तो विद्यापीठाचा विषय होऊं शकत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अखेर १८९३-९४ च्या सुमारास तो विभाग स्थापन झाला. १९०४ मध्यें वॉल्टर रॅले हे तेथील इंग्रजी वाङ्मयाचे पहिले प्राध्यापक झाले. या गृहस्थांनीं १८८५ ते १८८७ या काळांत अलीगढच्या कॉलेजांत हाच विषय शिकविला होता. जो विषय हिंदुस्थानांत शिकविण्यास त्यांस अडचण पडली नाहीं, त्याचें स्वतंत्र पीठ त्यांच्या मायदेशींच्या त्या थोर विद्यापीठांत पुढें सतरा वर्षांनीं उभें राहिलें ! केंब्रिजला तर इंग्रजीची स्वतंत्र पदवी-परीक्षा १९१७ सालींच मान्य झाली.

आतां आपल्या घराकडे वळूं. मुंबई विद्यापीठाच्या आरंभींच्या परीक्षांत मराठीला जागा होती. परंतु १८६० नंतरच्या दशकांत उच्च परीक्षांतून ती काढून संस्कृत, लॅटिन इत्यादि अभिजात भाषांस देण्यांत आली. त्या दशकांत कांहीं वर्षें कुलगुरु असलेले सर अलेक्झांडर ग्रँट हे ऑक्सफर्डचे पदवीधर व ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित संपादक होते. ज्या परंपरेंत स्वतःची मातृभाषाहि अभ्यासाचा विषय मानली जात नव्हती, त्या परंपरेंत वाढलेल्यांस मराठीचा कैवार सुचावा कसा ? या बाबतींत आम्हांस द्वेषापेक्षां संवयच अधिक दिसते. मराठीस पुन्हां स्थान मिळावें म्हणून रानडे यांनीं आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं एम्. ए. च्या परीक्षेंत तिचा शिरकाव झाला. मधल्या काळांत इंग्रजी अध्ययनाचें उत्तम फळ विद्यापीठाबाहेर मराठीच्याच पदरांत पडलें. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ सालीं निघाली. आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' १८८३ मध्यें प्रसिद्ध केलें.

म्हणजे आक्षेप दोन्हीकडे एकच होता : घरचीच भाषा, तिचा अभ्यास तो काय करावयाचा ? कबूल करावयास हवें कीं, बी. ए. ला विषय निवडतांना हेंच वाक्य आम्हीहि उच्चारलें होतें. मराठी ऐच्छिक घेण्याची सोय असतां आम्हीं ती नाकारली आणि तुकोबांच्या अभंगांकडे अभ्यासकाच्या दृष्टीनें पाहण्यास वयाची चाळिशी उलटावी लागली. तेव्हां कळलें कीं, भाषा येणें निराळें आणि तिच्यांतील वाङ्मय जाणणें निराळें.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या भाषेला एकेकाळीं अभिजात भाषांसाठीं जागा सोडावी लागली, तीच आज त्यांच्या पंक्तीस बसली, याचा आम्हांस मनःपूर्वक आनंद आहे. परंतु दर्जा देणें सरकारच्या हातीं असलें, तरी वर्गांतील बांक भरणें घरांघरांतील आईबापांच्या हातीं आहे. मुलानें मराठी घेतों म्हटलें कीं "त्यांत शिकण्यासारखें काय आहे ?" असें विचारणाऱ्या सुशिक्षित पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, हाच प्रश्न एकेकाळीं ऑक्सफर्डमध्यें शेक्सपियरविषयीं विचारला गेला होता.