सुट्या भागांची गाडी



मोटारगाडीवर बोलण्याचा या मास्तराला अधिकार काय, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येईल, आणि ती रास्तच आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारा जन्म सोलापुरांत गेला. आणि सदतीस वर्षें मीं लहान मुलांना इतिहास व भूगोल शिकविला. स्वतःची मोटार घेण्याचा योग कधीं आला नाहीं. परंतु गेल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास एक जुना विद्यार्थी घरीं आला आणि 'गुरुजी, जरा फेरफटका मारून येऊं' असें म्हणून त्यानें मला आपल्या गाडींत बसविलें. त्या गाडीला छप्पर नव्हतें, मागची बैठक नव्हती, आणि आसन इतकें खालीं होतें कीं, बाहेर हात सोडला तर रस्ता बोटांना लागेल असें वाटावें. तुळजापूरच्या वाटेला लागलों तेव्हां उसाच्या ट्रॅक्टरचीं चाकें माझ्या डोळ्यांच्या उंचीवर फिरत होतीं. वेग फार नव्हता. तरी वळणावर गाडी अशी वळे कीं, चालविणाऱ्याच्या मनांतलें जणू तिला आधींच कळलें आहे. परतल्यावर मीं त्याला विचारलें, 'ही गाडी कोणीं केली?' तो म्हणाला, 'थोडी कारखान्यानें, थोडी मीं.'

या उत्तरानें माझ्यांतला इतिहासाचा मास्तर जागा झाला. गाडी सुट्या भागांनीं आणावी, आपल्या हातांनीं जोडावी, आणि आपल्या मताप्रमाणें तींत फेरबदल करावे, ही कल्पना कोठून आली आणि आपल्या प्रांतांत तिचें पुढें काय झालें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्या देशांत मोटारींच्या धंद्याचा आरंभच मुळीं सुट्या भागांपासून झाला. १९२८ मध्यें जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें मुंबईंत जोडणीचा कारखाना घातला. समुद्रापलीकडून पेट्या येत, त्या येथें फोडल्या जात, आणि आपले कामगार त्यांतील भाग जोडून गाडी उभी करीत. हात येथले, पण आराखडा आणि विद्या तिकडची, असा तो व्यवहार होता. हा व्यवहार ज्यांना बोचला त्यांच्यांत सोलापूरचे एक सुपुत्र अग्रभागीं होते. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं याच शहरांत झाला. आगबोट, विमान आणि मोटार हीं तिन्ही वाहनें आपल्या लोकांच्या हातीं आलीं पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. १९१९ मध्यें सिंदिया आगबोट कंपनी, १९४० मध्यें बंगलोरचा विमानांचा कारखाना, आणि १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स, अशी ती परंपरा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ मध्यें ज्या पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्याहि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या भागांतून जोडलेल्याच होत्या. परंतु जोडतां जोडतां शिकावें, आणि शिकतां शिकतां एकेक भाग घरीं करूं लागावें, हा त्यामागचा हेतु होता.

शेठजी १९५३ मध्यें वारले. पुढें त्याच कारखान्यांतून इटलीच्या फियाट गाडीचा जो अवतार निघाला, तोच पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर पोहोंचला. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धांवत होती. एवढें दीर्घायुष्य तिला लाभलें याचें एक कारण असें कीं, कोणत्याहि गल्लींतल्या मिस्त्रीला ती उघडतां येत असे. बॉनेट वर केलें म्हणजे आंतील प्रत्येक वस्तु डोळ्यांना दिसे, आणि दिसे म्हणूनच दुरुस्त करतां येई.

आतां कोल्हापूर जिल्ह्याकडे वळूं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांच्यापाशीं भांडवल नव्हतें, मोठी पदवी नव्हती. शालेय शिक्षणहि बेताचेंच होतें. परंतु सामान्य गृहस्थाला परवडेल अशी लहान मोटार आपण स्वतः करावी, या विचारानें त्यांना झपाटलें. १९४९ मध्यें त्यांची पहिली गाडी तयार झाली. तींत दोनच माणसें बसत. त्यानंतर सुमारें दोन तपें ते नवनवे नमुने करीत राहिले. 'मीरा' हें त्या गाडीचें नांव. इंजिन मागच्या बाजूस बसविलेलें, आणि खांचखळग्यांचे धक्के सोसण्याकरितां रबराची योजना केलेली. बारा हजार रुपयांच्या आसपास ही गाडी लोकांना द्यावी, असा त्यांचा मानस होता. ती इचलकरंजीच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष चालली; लोकांनीं ती डोळ्यांनीं पाहिली. परंतु १९५१ च्या औद्योगिक कायद्यानंतर मोठ्या प्रमाणावर कांहींहि करावयाचें म्हणजे सरकारी परवान्याचें दार ठोठावणें आलें. तें दार त्यांच्यासाठीं उघडलें नाहीं, आणि 'मीरा' नमुन्यांतच राहिली. हातांत विद्या होती, रस्त्यावर पुरावा होता. फक्त कागद नव्हता. आपल्या औद्योगिक इतिहासांतील हें पान मुलांच्या क्रमिक पुस्तकांत मला कधीं आढळलें नाहीं, आणि मीं तें आपण होऊनहि कधीं शिकविलें नाहीं, याची आज मला खंत वाटते.

आणि विधिघटना पहा! ज्या सुमारास शंकरराव आपल्या पहिल्या गाडीचे सांधे जुळवीत होते, त्याच सुमारास, १९४८ मध्यें, लंडनमध्यें कॉलिन चॅपमन नांवाचा विशीचा एक विद्यार्थी हाच उद्योग करीत होता. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासून निघणारी इंग्लंडांतली गरीबाची गाडी. तिची एक जुनी प्रत त्यानें घेतली, वरचा सांगाडा काढून टाकला, आणि आपल्या वाग्दत्त वधूच्या वडिलांच्या घरामागें तिच्यावर हलकें नवें अंग चढविलें. यांतूनच १९५२ मध्यें त्याची लोटस कंपनी निघाली, आणि १९५७ मध्यें 'लोटस सेव्हन' ही प्रसिद्ध गाडी बाजारांत आली. तिचें वजन पांचशे किलोहूनहि कमी.

ही गाडी सुट्या भागांनीं विकत मिळे, आणि त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. इंग्लंडांत तयार मोटारीवर जबर खरेदी-कर असे, पण सुट्या भागांवर तो नसे. तेव्हां गिऱ्हाइकानें पेट्या घरीं न्याव्या आणि शनिवार-रविवारीं आपल्या अंगणांत गाडी जोडावी. असें सांगतात कीं, सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागू होई. म्हणून कंपनीनें गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या, आणि त्या शेवटापासून आरंभाकडे वाचण्याचें काम गिऱ्हाइकावर सोंपविलें! १९७३ मध्यें करपद्धति बदलली, ही सवलत गेली, आणि त्याच वर्षीं लोटसनें या गाडीचे हक्क केटरहॅम नांवाच्या लहान व्यवसायाकडे सोंपविले. कर गेला, पण छंद गेला नाहीं; ती गाडी पुढेंहि निघत राहिली.

हलकेपणाचें एवढें महत्त्व कां, हें समजण्यास इंग्लंडपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्या ग्रामीण भागांत शर्यतीचा छकडा असतो, तो पहावा. मालाच्या बैलगाडीला तोच खोंड जुंपला तर तो चालेल, पण उधळणार नाहीं. छकड्यांत जें अगदीं आवश्यक नाहीं तें सर्व काढलेलें असतें. मोटारीचेंहि तसेंच. वजन घटलें म्हणजे लहान इंजिन पुरतें. लहान इंजिनाला लहान ब्रेक, अरुंद चाकें आणि थोडें तेल पुरतें. आणि या साऱ्यामुळें वजन पुन्हां घटतें. उलट अधिक बळाचें इंजिन बसविलें कीं, सांगाडा जाड, ब्रेक मोठे, टाकी मोठी, अशी वाढ होत होत जादा बळ स्वतःचाच बोजा ओढण्यांत खर्ची पडतें.

हा छकडा-मोटारीचा प्रकार आपल्या महाराष्ट्रांतहि एकदां अवतरला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अलिबागच्या परिसरांत गुइडो आणि शमा बोथे या दांपत्याच्या चिंकारा मोटर्सनें लोटस सेव्हनच्या वळणावर एक उघडी, दोन आसनी गाडी बांधली. तिचें अंग फायबरचें. इंजिन मात्र आपल्या ओळखीचें होतें: इसुझु बनावटीचें, अठराशे घन सेंटीमीटरचें, जें त्या काळीं आपल्या ॲम्बॅसडर व कॉन्टेसा या जडशीळ गाड्यांत बसविलेलें असे. तेंच इंजिन हलक्या अंगांत ठेवलें कीं जात्याच चपळ होई. एका अर्थीं हा चॅपमनचाच धडा होता. पुस्तक तेवढें मराठी मुलुखांत उघडलें गेलें.

माझ्या विद्यार्थ्याची गाडी याच वळणाची; दोन मालकांच्या हातांतून ती त्याच्याकडे आली. त्याचे वडील येथल्या एका गिरणींत जॉबर होते. मागाचा आवाज ऐकून कोणता भाग झिजला तें सांगणारा तो माणूस. गिरणी बंद पडली, तरी ऐकण्याची ती विद्या मुलाकडे आली. परंतु तरुणपणाचा उतावळेपणा कोणाला सुटला आहे? गाडी मिळतांच त्यानें एका महिन्यांत मोठा कार्बुरेटर, कडक स्प्रिंगा आणि रुंद चाकें, असें सर्व एकदम चढविलें. फळ काय झालें, तें त्यानेंच हंसत सांगितलें. आपल्या खडबडीत रस्त्यावर कडक स्प्रिंगांनीं गाडी बेडकासारखी उडूं लागली. चाक हवेंत असतांना ब्रेक दाबून उपयोग काय? आणि वैशाखाच्या एका दुपारीं, अक्कलकोट रस्त्यावर, रेडिएटरचें पाणी उकळून तो तास दीड तास बाभळीखालीं बसून राहिला.

तेव्हां वडील एवढेंच म्हणाले, 'अरे, एका वेळीं एकच कळ फिरव. दहा फिरवल्यास तर बिघडलें कशानें, आणि सुधारलें कशानें, तें तुला कधींच कळणार नाहीं.' मुलानें सगळा नवा साज उतरविला, जुन्या स्प्रिंगा परत घातल्या, आणि एक वही केली. एक बदल, मग आठवडाभर चालविणें, मग वहींत नोंद. ती वही मीं पाहिली. तींत जोडलेल्या वस्तूंपेक्षां काढून टाकलेल्या वस्तूंची यादी मोठी आहे. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण इतकी प्रामाणिक वही क्वचितच हातीं आली. कारण तींत चुका खोडलेल्या नाहींत.

या प्रकरणांत आमच्या गांवाचा आणखी एक धागा गुंतलेला आहे. इंजिनाचें दार केव्हां उघडावें आणि केव्हां मिटावें, हें ठरविणारा जो दांडा असतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. इंजिनाची चाल बदलूं पाहणारा कोणीहि प्रथम त्याचा विचार करतो. हे दांडे ओतून-घडवून जगभरच्या मोटार-कारखान्यांना पुरविणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ मध्यें सोलापुरांत स्थापन झाली. चादरींचें गांव म्हणून ज्याची ओळख, त्या गांवानें परदेशी इंजिनांना श्वास घेण्याची लय शिकवावी, हें पाहण्यास वालचंदशेठ हवे होते!

आतां अडचणीची गोष्ट. माझ्या विद्यार्थ्याच्या मनांत पुढें निराळें, मोठें इंजिन घालावयाचें होतें. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें सांगतें कीं, कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकानें करूं नये. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ निःसंदिग्ध शब्दांत उचलून धरला. त्यानें तो बेत सोडला. पण त्याचें मन खट्टू झालें.

प्रथम मीं कायद्याची बाजू घेतली, आणि अजूनहि बऱ्याच अंशीं घेतों. रस्ता एकट्याचा नसतो. शाळा सुटल्यावर त्यावर मुलें असतात, सायकलवाले असतात, दिंड्या असतात. कोणा हौशी माणसानें अर्धवट ज्ञानावर केलेल्या प्रयोगाची किंमत त्यांनीं कां मोजावी? त्याची स्वतःची पहिली महिनाभराची करामतच या भीतीचा पुरावा आहे. परंतु त्याचा प्रतिप्रश्नहि मला टाळतां येईना. तो म्हणाला, 'गुरुजी, मला परीक्षा नको असें मीं म्हणत नाहीं. परीक्षा घ्या, नापास करा. पण परीक्षेला बसूं तर द्या.' इंग्लंडमध्यें ही सोय आहे. घरीं बांधलेली एकेक गाडी तपासून तिला रस्त्यावर येण्याची परवानगी देण्याची रीत तेथें १९९८ मध्यें सुरू झाली, आणि २००९ पासून ती अधिक कडक स्वरूपांत चालू आहे. ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर, सारें पाहतात. जें बसत नाहीं तें बदलून आणावयास सांगतात. सामान्य माणसाला परवडेल आणि समजेल असा तपासणीचा राजमार्ग आपल्याकडेहि असावा, असें मला वाटूं लागलें आहे. इचलकरंजीच्या त्या गृहस्थालाहि बक्षीस नकोच होतें. त्याला परीक्षक हवा होता.

शेवटीं एक कबुली देऊन हें भाषण संपवितों. हाच मुलगा चौथींत असतांना मधल्या सुट्टींत त्यानें वर्गांतलें भिंतीवरचें घड्याळ उतरवून पार सुटें केलें होतें. टेबलावर चाकें, मळसूत्रें, स्प्रिंग, सगळें ओळीनें मांडलेलें. मीं सगळ्या वर्गादेखत त्याच्या हातांवर छड्या मारल्या, आणि ते भाग रुमालांत बांधून घड्याळजीकडे पाठविले. तूं हें पुन्हां जोडूं शकतोस काय, हा प्रश्न विचारण्याचें मला सुचलें नाहीं.

तुळजापूरच्या वाटेवरून परततांना मीं त्याला तो प्रसंग आठवतो का म्हणून विचारलें. तो कांहीं वेळ गाडीच्या आवाजाकडे कान देऊन राहिला. मग म्हणाला, 'आठवतो कीं, गुरुजी. घंटा जरा लवकर झाली. पांच मिनिटें मिळालीं असतीं तर जोडून ठेवलें असतें.'