इंडियानाची ओली जमीन आणि मातीखालच्या नळ्या

आज ज्या जमिनीविषयी आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत ती दलदल नव्हे, आणि पडलेले पाणी सहज उतरून जाईल अशी मोकळी जमीनही नव्हे. अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ निचऱ्याच्या दृष्टीने जमिनींचे सात वर्ग करतात. हातावरचे पाणी बोटांतून गळावे तशा पाणी सोडणाऱ्या जमिनी एका टोकाला. बहुतेक वर्षभर पाण्यात बसून राहणाऱ्या दुसऱ्या टोकाला. आमची जमीन या शिडीवर वरून पाचव्या पायरीवर आहे, आणि तिला शास्त्रज्ञांनी 'किंचित अपुऱ्या निचऱ्याची' असे मोठे सावध नाव दिले आहे. इंडियाना, ओहायो आणि इलिनॉय या राज्यांत ती लाखो एकर पसरली आहे. तिच्यातल्या जातींना क्रॉस्बी, ब्लाउंट अशी नावे आहेत. आज तेथे मका नि सोयाबीन यांखेरीज फारसे काही दिसत नाही, आणि जगातल्या संपन्न शेतीत तिची गणना होते. परंतु ही संपन्नता जमिनीला उपजत मिळालेली नाही. ती कशी आली नि तिची किंमत कोणी दिली, हे पाहण्यासाठी त्या 'किंचित' शब्दाच्या पोटात शिरावे लागते.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या बर्फाच्या प्रचंड थराची कड इंडियानाच्या मध्यापर्यंत पोचलेली होती. हा बर्फ वाटेतले खडक खरवडीत, चुनखडी दळीत, दगडगोटे नि चिकणमाती एकत्र मळीत पुढे सरकला आणि मागे हटताना हा सारा राडारोडा तेथेच टाकून गेला. नदी गाळ टाकते तेव्हा तो निवडून टाकते. जड वाळू एकीकडे, हलका पोयटा दुसरीकडे. बर्फाला अशी निवड करता येत नाही. त्याने टाकलेल्या मातीत पिठासारखी चिकणमाती आणि माणसाच्या उंचीचा धोंडा शेजारी शेजारी सापडतात. तिला 'टिल' म्हणतात. हा मूळचा स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्यांचा शब्द. टणक, गोट्यांनी भरलेल्या, नांगर मोडणाऱ्या जमिनीला ते टिल म्हणत. हा शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण स्कॉटलंडची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

पूर्वी विद्वानांना वाटे की हे धोंडे बायबलातल्या महापुराने आणून टाकले. १८३७ साली स्वित्झर्लंडात लुई आगासीने हिमयुगाची कल्पना मांडली तेव्हा तिच्यावर पुष्कळ टीका झाली. मिडवेस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्य-पश्चिम प्रदेशात बर्फाची कड कोठे कोठे थांबली, याचे बारकाईने नकाशे करण्याचे काम फ्रँक लेव्हरेटने केले. इलिनॉयवरील त्याचा मोठा ग्रंथ १८९९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी मृदा-सर्वेक्षणालाही आरंभ झाला.

दख्खनची काळी माती लाव्हाच्या खडकातून आलेली. तिचा या बर्फाशी संबंध नाही. मात्र हिमनदीची खूण महाराष्ट्रात मुळीच नाही असे मात्र कोणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावापाशी बर्फाने ओरखडलेला खडक आहे आणि त्यावर गोट्यांचा थरही आहे. तो सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची माती केव्हाच दगड होऊन गेली. इंडियानाचा टिल त्या मानाने कालपरवाचा म्हणावयाचा. तो अजून माती आहे, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

क्रॉस्बी जमिनीत कंबरभर खड्डा खणला तर काय दिसते ते पाहू. सर्वांत वर वाऱ्याने आणून पसरलेल्या बारीक मातीचा पातळ थर. त्याखाली चिकणमातीचा घट्ट थर. पावसाने वरची चिकण धुऊन हळूहळू खाली नेली आणि तिने छिद्रे बुजवली. त्याच्याही खाली, दोन ते तीन फुटांवर, बर्फाच्या वजनाखाली दाबला गेलेला मूळ टिल; इतका गच्च, की मुळे त्यात शिरण्याचे नाव काढीत नाहीत. जमीन जवळजवळ सपाट. हिवाळ्याचे बर्फ वितळले नि वसंतातला पाऊस आला म्हणजे पाणी खाली जाऊ शकत नाही, बाजूलाही वाहत नाही. ते वरच्या थरांतच टांगून राहते. जमिनीचे खरे भूजल पुष्कळ खोल असते. हे पाणी माळ्यावर अडकलेल्या पाहुण्यासारखे मध्येच असते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ते पृष्ठभागापासून अर्ध्या ते दोन फुटांवर येते, आणि उन्हाळ्यात नाहीसे होते. भर उन्हाळ्यात हे शेत पाहणाऱ्याला तिथे ओल होती असे सांगितले तरी पटणार नाही.

तरीही मातीने त्याची नोंद ठेवलेली असते. पाणी भरले की मातीतली हवा संपते. हवेवाचून जगणारे जीवाणू तेव्हा लोहाचे रूप पालटतात, लोह विरघळून हलते, आणि त्या जागी करडा डाग राहतो. पुढे माती सुकली की तेच लोह दुसरीकडे गंजून तांबूस ठिपका धरते. खड्ड्याच्या भिंतीवर करड्या नि तांबूस रंगांची अशी चितळासारखी कांती दिसली की जाणकार सांगतो, येथे वसंतात अमुक इतक्या खोलीपर्यंत पाणी असते. राजवाड्यांनी दप्तरे वाचावी तसे हे वाचन आहे, असे आम्हांस वाटते. शेजारच्या खोलगट जागांत काळी, अधिक ओली जमीन असते. उंचवट्यावर तपकिरी, कोरडी. पाचसहा फुटांच्या चढउतारात एकाच शेतात तीन जमिनी.

या प्रदेशात बीच, मेपल आणि ओक यांचे घनदाट अरण्य होते, आणि मायामी, पोटावाटोमी, लेनापे हे लोक तेथे राहत. मायामी लोक मका पिकवीत, पण तो नदीकाठच्या सुटसुटीत जमिनीत; मधल्या ओल्या रानातून त्यांना शिकार, कंद नि फळे मिळत. म्हणजे ही जमीन त्यांना निकामी नव्हती. तिला निकामी ठरवले ते तिच्यावर चौकोनी शेते आखणाऱ्यांनी. १७८५ च्या कायद्याने सारा प्रदेश सहा मैल बाजूच्या चौरसांत कापला जाऊ लागला, आणि मोजणीदारांची साखळी डबक्यांतून, झाडांतून नाकासमोर सरळ गेली. १८१८ च्या तहाने इंडियानाचा मध्यभाग सरकारच्या हाती आला. १८३८ च्या सप्टेंबरात उत्तर इंडियानातील ८५९ पोटावाटोमींना सशस्त्र पहाऱ्यात कान्सासकडे चालवीत नेले. दोन महिन्यांच्या त्या वाटचालीत चाळिसाहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत मुलेच जास्त होती. निचऱ्याच्या इतिहासात हा प्रसंग सहसा कोणी घालीत नाही. आम्ही तो घालतो, कारण पुढे ज्या जमिनीचे सोने झाले ती कोणाच्या हातून आली हे त्याच हिशेबाचे कलम आहे.

नव्या वसाहतवाल्यांनी झाडे तोडली आणि त्यांना जमिनीची खोडी कळली. झाडे जे पाणी शोषून हवेत सोडीत होती ते आता मातीतच राहू लागले. एप्रिलात घोडा शेतात घालावा तर तो गुडघाभर रुते. ओली जमीन नांगरावी तर ढेकळे विटांसारखी वाळत. ओली माती थंड असते, तिच्यात बी कुजते. गंमत अशी की हेच पीक जुलैत पावसाने ताण दिला की सर्वांआधी माना टाकी. वसंतात पाण्याला भिऊन मुळे वरच राहिलेली असत. शिवाय हिवताप होताच. घरोघर माणसे थंडीने कुडकुडत, आणि दोष ओल्या हवेला दिला जाई. डास कोणाच्या ध्यानात नव्हता.

उपाय दुसऱ्याच राज्यात, न्यूयॉर्कमध्ये, सेनेका सरोवराच्या काठी जिनीव्हा गावाजवळ सुरू झाला. जॉन जॉन्स्टन हा १७९१ साली स्कॉटलंडात जन्मलेला शेतकरी १८२१ मध्ये अमेरिकेत आला होता. स्कॉटलंडची जमीनही हिमयुगाचीच देणगी, आणि तेथे शेताखाली चर खणून पाणी काढून देण्याची विद्या चांगली मुरलेली. डीन्स्टनच्या जेम्स स्मिथने तर समांतर चरांनी सबंध शेत कोरडे करण्याच्या पद्धतीचा मोठा प्रसार केला होता. जॉन्स्टनने १८३५ मध्ये मायदेशाहून मातीच्या नळीचे नमुने मागवले, वॉटर्लू गावच्या बेंजामिन व्हार्टेनबी या कुंभाराकडून तशा नळ्या हाताने घडवून घेतल्या, आणि १८३८ मध्ये त्या आपल्या शेतात पुरल्या. हा वेडा जमिनीत मडकी पुरतो म्हणून शेजारीपाजारी हसले. पुढे त्याचा गहू काही पटींनी अधिक येऊ लागला तेव्हा हसणे थांबले. अखेरीस त्याच्या ३२० एकरांखाली ७२ मैल लांबीच्या नळ्या झाल्या. १८८० मध्ये तो वारला.

या नळीचे काम इतके साधे आहे की सांगताना संकोच वाटावा. भाजलेल्या मातीचे हातभर लांबीचे तुकडे तीनचार फूट खोल चरात टोकाला टोक लावून ठेवायचे. सांधा पक्का करायचा नाही. पाणी त्या फटीतूनच आत शिरते. सारी कला उताराची. शंभर फुटांत दोनचार इंच सरळ उतार मिळाला पाहिजे. मध्ये एकच नळी दबली तर तेथे गाळ बसतो आणि वरची सगळी ओळ बंद पडते. नळीने पाणी उतरले की माती लवकर ऊब धरते, मुळे खोल जातात, आणि मग उन्हाळ्याचा ताणही सोसतात. पाणी काढून टाकल्याने दुष्काळ सोसवतो, हे पहिल्याने ऐकणाऱ्याला कोडेच वाटते.

१८४८ मध्ये इंग्लंडहून नळ्या पाडण्याचे यंत्र वॉटर्लूला आले आणि भाव उतरले. तेथून ही विद्या पश्चिमेकडे सरकत सरकत ओहायो, इंडियाना, इलिनॉयला पोचली. १८८२ च्या सुमारास देशात हजाराहून अधिक नळी-कारखाने होते आणि बहुतेक याच तीन राज्यांत. मिडवेस्टातल्या खेड्याखेड्यांत भट्ट्या धुमसत होत्या. भट्टीला माती स्थानिक, पाणी अडवणारी तीच चिकण. जळण म्हणून तोडलेल्या अरण्याचे लाकूड. चर खणणारे मजूर होते, त्यांत आयर्लंडहून आलेले पुष्कळ. पुढे ओहायोच्या जेम्स हिलने वाफेवर चालणारे चर-यंत्र काढले आणि १८९४ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

पण नळी पुरली म्हणून काम संपत नाही. तिचे तोंड कोठे सोडायचे? सपाट मुलखात माझे पाणी तुझ्या शेतात आणि तुझे तिसऱ्याच्या. येथे एकट्याचा उद्योग अपुरा पडला आणि कायदा आला. मोठा सामाईक चर काढावा म्हणून काही शेतकऱ्यांनी अर्ज करायचा, पाहणी व्हायची, कोणाला किती लाभ होईल ते ठरायचे आणि त्या मानाने प्रत्येकाकडून, मग तो राजी असो वा नसो, पट्टी वसूल व्हायची. इलिनॉयात यासाठी १८७८ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करावी लागली, आणि पुढल्या वर्षी निचरा-मंडळांचे कायदे झाले. मालमत्तेच्या हक्काचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या त्या लोकांनी पाण्यापुढे हे सहकार्य पत्करले, ही आम्हांस नळीपेक्षाही मोठी गोष्ट वाटते.

इंडियानातही एक जिनीव्हा गाव आहे. त्याच्याजवळ लिंबरलॉस्ट नावाची सुमारे तेरा हजार एकरांची दलदल होती, आणि भोवती ब्लाउंट जातीची शेते. जीन स्ट्रॅटन-पोर्टर ही लेखिका तेथे राहून पाखरांची छायाचित्रे काढी, आणि तिच्या कादंबऱ्यांमुळे ती दलदल देशभर माहीत झाली. १८८८ ते १९१० या काळात चर काढून ती सुकवण्यात आली. १९१३ मध्ये लेखिका घर सोडून निघून गेली; पाखरे आधीच गेली होती.

१७८० च्या दशकापासून दोनशे वर्षांत इंडियानाने आपल्या पाणथळ भूमीपैकी ८७ टक्के गमावली, ओहायोने ९०. त्याची वसुली अलीकडे होत आहे. पूर्वी नायट्रेट नि फॉस्फरस यांनी भरलेले पाणी डबक्यांत रेंगाळे आणि गाळून निघे; आता ते नळीतून थेट नदीला मिळते. नळीमुळे वरची माती वाहून जाणे कमी होते, हेही खरे. पण विरघळलेले खत तिला अडवता येत नाही. इंडियानात फोर्ट वेन येथे उगम पावणारी मॉमी नदी ओहायोत टोलेडो शहरापाशी ईरी सरोवराला मिळते. २०१४ च्या ऑगस्टात त्या सरोवरात विषारी शेवाळ एवढे माजले की टोलेडो भागातील चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका म्हणून सांगण्यात आले. आयोवातील डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये तीन जिल्ह्यांतील निचरा-मंडळांवर दावाच लावला. न्यायालयाने तो २०१७ मध्ये फेटाळला. शतकापूर्वी शेजाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या चरांवरून आता शहर नि शिवार एकमेकांसमोर उभे राहिले. आम्हांस वाटते, दोघांचीही बाजू खरी आहे. शेतकऱ्याने नळी उपटली तर तो बुडतो, आणि न उपटली तर शहराने पाणी गाळण्याचा खर्च सोसावा.

१९८५ च्या कायद्याने पाणथळ जागा नव्याने सुकवून पीक घेणाऱ्याची सरकारी मदत बंद होते. पण आमची जमीन बहुधा कायद्याच्या अर्थाने पाणथळ ठरत नाही, तिच्या कुशीतले काळे खोलगट तुकडे ठरू शकतात. मोजणीदार मातीतले करडे डाग कोणत्या खोलीवर सुरू होतात ते पाहतो, आणि त्या चार बोटांवर शेतकऱ्याच्या पदरचे पैसे अवलंबून असतात.

महाराष्ट्रात सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या चोपण जमिनींत हल्ली छिद्रांच्या प्लॅस्टिक नळ्या घालतात, तशाच आता इंडियानातही घालतात. मातीच्या नळ्यांचे युग १९६० नंतर सरले. आपल्याकडचे दुखणे मात्र वेगळे, कालव्याच्या जादा पाण्याचे नि क्षारांचे. लिंबरलॉस्टच्या काही भागांत १९९० नंतर उलटा प्रयोग चालला आहे: जुन्या नळ्या फोडून पाणी पुन्हा साठू दिले, आणि बगळे परत आले. बाकीच्या शेतांखाली मात्र व्हार्टेनबीच्या नळ्यांची वंशावळ काम करीतच आहे. एप्रिलात पाऊस थांबून दोन दिवस झाले की विमानातून ती स्पष्ट दिसते. काळ्या ओल्या शेतावर नळीच्या वरची माती आधी सुकते, आणि कोणी खडूने आखाव्यात तशा फिक्या रेघा समांतर उमटतात.