एडीएचडी असलेल्या मुलाचा राग : घरच्यांनी काय वाचावे, कुठे जावे

शाळेतून निरोप येतो, पोरगं एका जागी बसत नाही. घरी साधी पेन्सिल मोडली तरी डोक्यात राख घालून घेतं. मग बाप दोन ठेवून देतो. मीही दिल्यात, खोटं कशाला बोलू.

लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा ही एडीएचडीची मुख्य लक्षणे. ती वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झालेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. राग न आवरणे या मुख्य यादीत नाही, पण अशा बऱ्याच मुलांत ते असतेच. त्यामुळे लोक त्याला हट्टीपणा समजतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांचे ‘टेकिंग चार्ज ऑफ एडीएचडी’ पालकांसाठीच आहे. या मुलांचा स्वतःवरचा ताबा वयाच्या मानाने साधारण 30 टक्के मागे असतो, असे ते सांगतात. म्हणजे दहा वर्षांच्या पोराकडून सात वर्षांच्या पोराएवढीच अपेक्षा धरायची. मला तर एवढ्यावरच बरंच उमगलं. रॉस ग्रीन यांचे ‘द एक्स्प्लोसिव्ह चाइल्ड’ रागावरच आहे. भडका उडाल्यावर समजावत बसू नका. पोरगं शांत असताना नेमकं कुठं अडतं ते विचारा आणि तोडगा दोघांनी मिळून काढा, हे त्याचे सार. पुस्तके मूळ इंग्रजीत आहेत, कॉलेजात जाणाऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

निदान मात्र डॉक्टरच करणार. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरबीएसके पथकाला सांगा, ते पुढे पाठवतात. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.